मनुबाई आणि औषधाची निवटी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईशी वाद घालायला जाणारा माणूस एकतर नवखा असायचा, नाहीतर वेडा. मासळीबाजारात तिची जागा शेवटून दुसरी, पण आवाज पार दारापर्यंत. कुणी फार चोखंदळपणे पापलेटाचे कल्ले उचकून बघायला लागला की ती म्हणायची, "काय ओ, मासळी घ्यायला आलाव का तिची नाडी बघायला?" आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिच्याच पुढ्यात उकिडवा बसायचा. कारण मनुबाईचा माल म्हणजे माल. शिळा नाही, भेसळीचा नाही आणि चिखलाचा तर नाहीच नाही.

हे तिला सासूने शिकवलं. सासू हौसाबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मनूने एका गिऱ्हाइकाला घाईघाईत निवट्या साफ न करता बांधून दिल्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी बोटाएवढी मासळी. डोळे डोक्यावर, चव झकास, पण अंगाला अशी बुळबुळ की हातात ठरेल तर शपथ. गिऱ्हाईक संध्याकाळी पुडी घेऊन परत आलं. हौसाबाईने सगळ्या बाजारासमोर सुनेच्या एका हातात चुलीतली राख ठेवली, दुसऱ्या हातात जाडं मीठ, आणि म्हणाली, "चोळ. बोट घसरलं तर परत चोळ. माल खोटा तर कोळीण खोटी." सासू जाऊन वीस वर्षं झाली, पण मनुबाईचा हात त्यानंतर कधी चुकला नाही.

निवट्या पकडायचा तिचा नवरा, तिच्या गणूचा बाप, धाकू. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं आणि बिळात हात घालून एकेक निवटी काढायची, हे त्याचं काम. त्र्याऐंशी साली चिखलात दडलेल्या कालवाच्या शिंपल्याची धार त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लागली. एवढीशी जखम. धाकूने फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी परत खाडीत. आठवड्यात पाय टरारून फुगला. दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली, पण पू काही हटेना. डॉक्टर भला माणूस होता. मनुबाईला म्हणाला, "आजी, आमच्याकडचं सगळं देऊन पाहिलं, जंतू दादच देत नाहीत." शेवटी अंगठा काढावा लागला. खाटेवर पडल्या पडल्या धाकू म्हणाला होता, "निवट्या जन्मभर त्याच चिखलात, त्यांना कधी फोड नाय आला. मग माज्याच पायाला कसा आला?" एरवी जिच्या तोंडाला तोंड द्यायची कुणाची छाती नाही, ती बाई त्या दिवशी उठून त्याच्या पायाचं फडकं बदलायला लागली.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी बाजार उठायच्या वेळी एक चष्मेवाली मुलगी मनुबाईच्या घमेल्यासमोर येऊन उभी राहिली. नाकाला रुमाल, खांद्याला झोळी, नजर निवट्यांवर.

"मावशी, हे मासे या घाणीत राहतात?"

"घाणीत? पोरी, खाडीला घाण सांगू नको. खाडीत घाण तुमच्या शहराने सोडली."

"तसं नव्हे हो. म्हणजे एवढ्या चिखलात, गटाराच्या पाण्यात राहून यांच्या अंगावर साधा ओरखडाही दिसत नाही. यांना फोड, जखमा होत नाहीत?"

मनुबाईचा पाण्याचा हबका मारणारा हात थांबला. तिला धाकूची खाट आठवली. "चाळीस वर्षं झाली निवटी विकतंय," ती सावकाश म्हणाली. "एकमेकींना चावतात, कालवावर घासतात, सगळं होतंय. पण पिकलेली जखम? नाय बघितली. एक नाय."

त्या मुलीने नाकाचा रुमाल खाली घेतला. डोळे असे चमकले की मनुबाईला वाटलं, हिला आता घेरी येणार. मुलीचं नाव मंजुळा. राहायला आंबिवलीला, वडील मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात कामाला. ठाण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी संशोधन करत होती. विषय होता, खाडीतल्या झाडाझुडपांतून जंतू मारणारं नवं औषध सापडतं का. दोन वर्षं तिवराची पानं वाटून वाटून तिच्या हाताला घट्टे पडले होते, आणि हाती काय, तर पाला.

"अर्धा किलो द्या. पटकन द्या, प्रयोगशाळा बंद होईल."

"थांब, साफ करून देते."

"नको, नको! तशाच द्या!"

"तशाच? घरी कोण साफ करणार? तुझी आई?"

"आई? अहो, आम्ही माळकरी आहोत, घरी मासा नेला तर वडील मला बाहेर आंघोळ घालतील!"

सगळा बाजार खदाखदा हसला. मंजुळा निवट्यांची पिशवी अंगापासून हातभर लांब धरून पळाली, आणि हौसाबाईच्या सुनेच्या हातून जन्मात दुसऱ्यांदा न धुतलेली निवटी गेली. मनुबाईला ते रात्रभर टोचत राहिलं.

चार दिवसांनी मंजुळा परत आली ती धावतच. रुमाल नाही, काही नाही. ओल्या फळीवर बोटाने एक गोल काढून ती धापा टाकत सांगायला लागली. काचेच्या बशीत तिने जंतू वाढवले होते. जखमेत पू करतात तेच. निवट्यांचा अर्क काढून त्यात कागदाची एक टिकली बुडवली आणि बशीच्या मधोमध ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळी बशी जंतूंनी भरली, पण टिकलीच्या भोवती एवढं गोल स्वच्छ राहिलं. एकसुद्धा जंतू तिथे वाढला नाही.

"म्हंजे?" मनुबाईने विचारलं.

"म्हणजे निवटीत असं काहीतरी आहे की त्याच्याजवळ जंतू फिरकत नाहीत. मावशी, यातून औषध होऊ शकतं! वेळ लागेल, खूप वर्षं लागतील, पण होऊ शकतं!"

अहाहा! मनुबाईला काय झालं म्हणून सांगावं! अंगावर मूठभर मांस चढलं. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या शेजारणीला, आणि बाजार उठेपर्यंत सगळ्या चेंदणीला कळलं की मनुबाईच्या निवटीचं औषध होणार. घरी जाऊन तिने धाकूला सांगितलं. धाकू जाळं विणत होता. त्याने फक्त आपल्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ, मी तेव्हाच बोललेलो."

आता खरी मजा, म्हणजे मजा कसली, खरी पंचाईत इथेच सुरू झाली. मंजुळाने दर मंगळवारी ताज्या निवट्या हव्यात असं सांगितलं. मनुबाईने पदर खोचला. औषधाचा माल! साध्या गिऱ्हाइकाला ती निवटी दोनदा चोळायची, मंजुळाच्या निवट्यांना तीनदा. राख चाळून घेतलेली, मीठ नवं, पाणी विहिरीचं. शेवटी खोबऱ्याच्या किसासारख्या पांढऱ्याशुभ्र निवट्या केळीच्या पानात गुंडाळायच्या आणि प्रयोगशाळेच्या दारात गुणाजी शिपायाच्या हातात द्यायच्या. आत कधी ती गेली नाही. तिथे सगळे बूट घालून हिंडतात, आपण पायाला चिखल घेऊन कुठे जायचं, असं तिचं म्हणणं. मंजुळाला तर मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला वाटलं, स्वच्छ नमुना म्हणजे चांगला नमुना.

पहिल्या मंगळवारच्या बशीत गोल आलं नाही. दुसऱ्या मंगळवारच्याही नाही. मंजुळाने जंतू बदलले, अर्क काढायची रीत बदलली, टिकलीचा कागद बदलला, अगदी बशा ठेवायचं कपाटसुद्धा बदललं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बशी आपली काठोकाठ जंतूंनी भरलेली. मुलीचं तोंड सुकत चाललं, आणि मनुबाई बिचारी दर मंगळवारी आणखी जोर लावून निवट्या चोळतेय.

फेब्रुवारीच्या शेवटी मंजुळा बाजारात आली. निवट्या घ्यायला नव्हे, नको म्हणायला.

"मावशी, पुढच्या मंगळवारपासून आणू नका."

"का गो? काय जालं?"

मंजुळा एकदम डोळ्यांत पाणी आणून सगळं बोलून गेली. पंधरा दिवसांनी विद्यापीठाची समिती काम बघायला येणार होती. दाखवायला काही नसेल तर तिची शिष्यवृत्ती बंद, संशोधन बंद. तिचे मार्गदर्शक हर्डीकर सर म्हणाले होते की पहिल्या बशीतलं गोल ही चूक असावी. "नाहीतर," मंजुळा म्हणाली आणि थांबली.

"नाहीतर काय? बोल."

"सर म्हणतात, नाहीतर ती कोळीण पहिल्यांदा दिली ती मासळी आता देत नाही. मालात काहीतरी खोट आहे."

मनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या मालात खोट! हौसाबाईच्या सुनेच्या मालात! शेजारणी म्हणाल्या, जाऊ दे गो, शिकलेल्या माणसाच्या काय नादी लागतेस. पण ती कुणाचं ऐकते? दुसऱ्या दिवशी धाकूने पहाटेच्या ओहोटीला पकडलेल्या जिवंत निवट्या तिने चिखलासकट मडक्यात घातल्या, राखेची पुडी कनवटीला लावली, मिठाचा डबा घेतला आणि डोक्यावर मडकं घेऊन निघाली ती थेट कॉलेजात.

"मावशी, आत नाही जायचं," गुणाजी आडवा आला.

"सर बाजूला, नायतर एक निवटी तुझ्या शर्टात सोडीन."

गुणाजी सरकला. प्रयोगशाळेत सात-आठ मुलं काचेच्या नळ्या घेऊन उभी होती, ती तशीच आ वासून राहिली. मंजुळाची तर पाचावर धारण बसली. हर्डीकर सर म्हणजे पांढऱ्या कोटातले, सोनेरी चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. मनुबाईने त्यांच्यासमोर फरशीवर मडकं ठेवलं आणि फतकल मारून बसली.

"तुमीच काय ते सर? तुमी बोललाव, माज्या मालात खोट हाय?"

"अहो बाई, मी तसं नाही—"

"आता मी सांगते ते ऐका. ही निवटी. ओळखता? जी पयल्या दिवशी दिली तीच. खाडी तीच, पकडणारा मानूस तोच. एक बोटभर फरक नाय. फरक असेल तर एवढाच की पयल्या खेपेला तुमच्या पोरीने घाई केली, मना साफ करू दिली नाय, तशीच चिखलाची घेऊन पळाली. मना त्याची लाज वाटते, आजून वाटते. पण त्याच्यानंतर? त्याच्यानंतर एक निवटी अशी नाय गेली! हे बघा, अशी राख लावते. एकदा. मग मीठ. मग परत राख. दुसऱ्यांची दोनदा, तुमची तीनदा! बुळबुळ म्हनून नखावर घ्यायला ठेवत नाय. आनि तुमी सांगता खोट!"

तिने एक निवटी चोळून लख्ख केली आणि सरांच्या पुढे धरली. सर निवटीकडे बघत नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते. राखेत कालवलेली बुळबुळ तिच्या बोटांवरून ओघळून फरशीवर सांडत होती.

"मंजुळा," सर अगदी हळू म्हणाले, "पहिला नमुना धुतलेला नव्हता?"

"नाही, सर."

"आणि नंतरचे सगळे?"

मंजुळाने मनुबाईच्या हाताकडे बोट केलं. हर्डीकर सर खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे उलटली. "अगं, बुळबुळीत! जंतू मारणारं जे काही आहे ते त्या बुळबुळीमध्ये आहे! मांसात नाहीच, कातडीत नाही, वरच्या बुळबुळीत आहे! आणि आपण चार महिने ती काढलेले मासे तपासतोय!"

मनुबाई क्षणभर गोंधळली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिने राखेचाच हात कपाळावर मारून घेतला. "अगो माजे आये! म्हंजे औषध मीच धुवून गटारात सोडलं? चार महिने? करायला गेले गणपती आनि जाला मारुती!"

मंजुळा रडता रडता हसायला लागली. आणि ते सोनेरी चष्म्याचे हर्डीकर सर? त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि मनुबाईसमोर फरशीवर मांडी घालून बसले. "आजी, आता एक करा. एक निवटी तीनदा चोळून द्या, तुमच्या पद्धतीने. एक तशीच द्या. आणि बाकीच्यांची बुळबुळ कशी काढायची ते मला शिकवा. राख न लावता."

मग काय विचारता! मनुबाईने काचेच्या पट्टीने निवटी कशी निपटायची, डोक्याकडून शेपटीकडे, दाब किती द्यायचा, सगळं दाखवलं. सरांच्या हातून तीन निवट्या निसटून टेबलाखाली गेल्या, मुलं त्यांच्यामागे रांगली, गुणाजीसुद्धा रांगला. दुपारपर्यंत तीन बशा तयार झाल्या. एकीत धुतलेल्या निवटीची टिकली, दुसरीत न धुतलेलीची, तिसरीत नुसत्या बुळबुळीची. सर म्हणाले, "उद्या सकाळी दहाला या."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच वाट बघत बसायला नको. औषध अजून दुकानात आलेलं नाही. समिती आली, मंजुळाचं काम चालू राहिलं, आणि एक्याण्णव साली ती डॉक्टर मंजुळा झाली. बुळबुळीतला तो गुण निवटीचाही नव्हता, तिच्या अंगावर सुखाने नांदणाऱ्या बारक्या जीवांचा होता, हे तिने शोधून काढलं. चौऱ्याण्णवला उंदरांच्या जखमा त्याने भरून आल्या. पुढे माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं, कित्येक चाचण्या, आणि वाटेत कुठेही गाडी अडू शकते, असं ती स्वतःच सांगते. ज्यांना हे ऐकून हिरमोड झाल्यासारखं वाटतं त्यांनी चार महिने दर आठवड्याला जंतूंनी भरलेली बशी बघून दाखवावी. आणि मनुबाईला त्या सकाळी जे दिसलं ते खोटं थोडंच होतं?

त्या सकाळी मनुबाई बाजारात बसलीच नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली, पाय दगडाने घासघासून धुतले आणि साडेनऊलाच प्रयोगशाळेच्या दारात हजर. या खेपेला गुणाजीने दार स्वतः उघडलं.

मंजुळाने कपाट उघडून पहिली बशी काढली. सगळी भरलेली, दुधावर साय धरावी तशी. गोल नाही. ही धुतलेल्या निवटीची. दुसरी काढली, आणि मंजुळा किंचाळलीच. टिकलीभोवती स्वच्छ गोल! मुलांनी टाळ्या पिटल्या. तिसरी बशी सरांनी आपल्या हाताने काढली, उजेडात धरली आणि मनुबाईच्या हातात दिली.

"आजी, खोट माझ्या बोलण्यात होती," ते म्हणाले. "माफ करा."

एरवी मनुबाईने अशी संधी सोडली नसती. चार गोष्टी ऐकवल्या असत्या, आणि त्या ऐकायला सर तयारही होते. पण ती बशीकडे बघत राहिली. चहूकडून जंतूंचा पांढरा थर चालून आला होता आणि मध्येच एका रेषेवर थांबला होता. आत गोल मोकळं, काचेतून पलीकडची बोटं दिसावीत इतकं निर्मळ. तिने आपला अंगठा त्या गोलावर आडवा धरून पाहिला. मग तिचा आवाज, जो बाजाराच्या दारापर्यंत जायचा, तो एवढासा झाला.

"बाय," ती मंजुळाला म्हणाली, "गणूच्या बापाच्या पायाला एवढीच जागा पायजे होती गो. एवढीच."

मंजुळाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनुबाईने बशी जपून, दोन्ही हातांनी, परत दिली.

घरी आली तेव्हा धाकू ओट्यावर बसून उजव्या पायाला फडकं गुंडाळत होता. अंगठा गेल्यापासून चिखलात पाय रोवता यायचा नाही, म्हणून तो असं गच्च फडकं बांधून उतरायचा. मनुबाईने त्याला सगळं सांगितलं. तीन बशा, गोल, सरांची माफी, सगळं. हेही सांगितलं की औषध व्हायला लई वर्षं लागतील, आपल्या हयातीत होईल न होईल.

धाकूने फडक्याची गाठ मारली, ओढून पाहिली आणि काठी घेऊन उठला.

"ओहोटी लागली," तो म्हणाला. "किती पायजेत?"

"गावतील तेवढ्या!" मनुबाई मागून ओरडली, आणि या खेपेला आवाज अख्ख्या कोळीवाड्याने ऐकला. "आनि धुवायच्या नायत, सांगून ठेवते! एक पन धुवायची नाय!"